जगातली सगळ्यात स्वच्छ हवा

६ जानेवारी

नव्या वर्षासाठी आलेले शेवटचे पाहुणे आज सकाळी गेले. लॉजमधल्या सगळ्या खोल्यांच्या चादरी काढून तळघरात धुण्याच्या यंत्रापर्यंत नेणं हे माझं काम. टोपली घेऊन खाली जाताना काही वाटलं नाही. वर येताना मधल्या पायरीवर बसावं लागलं. माझी धाकटी बहीण केझाया मागून आली आणि कमरेत वाकून म्हणाली, "बसा राणीसाहेब, बसा. आम्ही आहोत ना राबायला."

मला हसू आलं. हसताना खोकलाही आला.

आई स्वयंपाकघरातून ओरडली, "तिर्झा, खोल श्वास घे! हवा फुकट आहे, पोरी. आणि जगातली सगळ्यात स्वच्छ."

दुरुस्ती: "बसावं लागलं" असं वर लिहिलंय. मी बसले, एवढंच खरं आहे. बसावं लागलं की बसावंसं वाटलं, ते मला सांगता येत नाही. (दैनंदिनीत लिहिलेलं खोडायचं नाही, चुकलं तर खाली दुरुस्ती लिहायची, हे आईने मी सात वर्षांची असताना शिकवलं. बाकीचं सगळंही तिनेच शिकवलं, याच टेबलाशी बसवून. म्हणजे टेबल हेच, घर तेव्हा कॅन्ससमधलं होतं.)

८ जानेवारी

बर्फ. बाबांबरोबर अंगण मोकळं करायला गेले. थोड्याच वेळात त्यांनी काही न बोलता माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं आणि दोन्ही बाजू स्वतःच साफ केल्या. मी कुंपणाला टेकून उभी होते. तेवीस वर्षांची धडधाकट मुलगी उभी आणि साठीला आलेला बाप राबतोय. लाज वाटली.

वीस फेब्रुवारीची तयारी आईने आजपासून सुरू केली. वेळेच्या साडेतीन महिने आधी मी जन्मले, दीड पौंडाची. दवाखान्यातून मला घरी आणलं तो दिवस वीस फेब्रुवारी. आमच्या घरी वाढदिवसापेक्षा तो मोठा. चर्चमधले लोक येतात, पाहुणे असतील तर तेही. सगळे लॉजमागची टेकडी चढतात. सर्वांत पुढे मी. वर पोहोचल्यावर मी चार शब्द बोलते, मग खाली येऊन आईची चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल. कॅन्ससमध्ये टेकडी नव्हती, तेव्हा आम्ही शेताला फेरी मारायचो. टेकडी गेल्या चार वर्षांतली.

१७ जानेवारी, प्वेब्लो

अक्कलदाढ काढायला घाट उतरून पेगआत्याकडे आले, तीन दिवस झाले. आत्या म्हणजे बाबांची बहीण. एकटी राहते, मोठ्याने रेडिओ लावते आणि चर्चला जात नाही. आई तिच्यासाठी प्रार्थना करते, आणि आत्याला ते ठाऊक आहे. "तुझ्या आईला सांग, अजून लागू पडली नाही," म्हणते.

आज आत्याने मला नदीकाठाने बाजारापर्यंत चालत नेलं. परतताना बटाट्यांची पिशवी माझ्याकडे होती. पुलाच्या पायऱ्या चढलो. वर गेल्यावर आत्या कठड्याला धरून धापा टाकत म्हणाली, "थांब ग बाई, तू काय घोडी आहेस का?"

मला धाप लागली नव्हती. दाढ काढलेली जागा दुखत होती, तरी हिरव्या मिरचीचा रस्सा ओतलेला अख्खा बर्गर खाल्ला. दुपारी झोप आली नाही. घरी रोज पायांवर येते ती सूज उतरली, मोज्यांचे वळ उठले नाहीत.

हे सगळं लिहून पुन्हा वाचलं. इथे काम नाही, तर मी ठणठणीत. घरी काम आहे, तर मी पायरीवर बसते. याचा अर्थ एकच होतो आणि तो मी टाळत होते.

१९ जानेवारी

घरी. घाटातच डोकं धरलं. खोलीत येऊन पडले आणि मग उठून आईकडे गेले, कारण पडून राहिले असते तर तेही त्यातलंच झालं असतं.

मी म्हणाले, "आई, मला एक सांगायचंय. आत्याकडे मला काहीच झालं नाही. पायऱ्या चढले, ओझं उचललं. इथे आले की होतं. मी सोंग करते का ग? माझं मला कळत नाहीये."

आई कणीक मळत होती. तिने पिठाच्या हातांनीच मला जवळ घेतलं. मला वाटलं रागावेल, पण तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं. "सोंग नाही, बाळा. मनाचं असतं ते. तुझी फुप्फुसं केव्हाच बरी झालीत. तुला कुठे ठाऊक आहे, तू कशातून आलीस! पूर्वी क्षयाचे रोगी देशभरातून आगगाडीने या डोंगरांत यायचे, फक्त या हवेसाठी. आठवतं ना, आपण इतिहासात केलं होतं?"

आठवतं. मी त्यावर निबंध लिहिला होता. तो लिहिल्यानंतर वर्षभरात आम्ही कॅन्ससचं घर विकून इथे आलो.

आईने उपाय ठरवला आहे. उद्यापासून रोज सकाळी न्याहारीआधी टेकडीच्या पहिल्या वळणापर्यंत चालायचं. सवय होईल.

२३ जानेवारी

चालले.

२४ जानेवारी

चालले. आज वळणापर्यंत नाही. वळणाच्या थोडं अलीकडे. आईने विचारलं, "झालं?" मी "झालं" म्हणाले. चालणं झालं, एवढ्या अर्थाने ते खरं होतं. तिने त्या अर्थाने विचारलं नव्हतं.

२८ जानेवारी

सरपणाच्या ढिगामागे पडले. घसरले नाही. डोळ्यांपुढे कडेकडेने काळोख आला आणि मग मी बर्फात बसलेली होते, हातात एक ओंडका. कितीसा वेळ गेला असेल! कुणी पाहिलं नाही. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही. हे लपवणं झालं का?

जेवताना केझाया माझ्याकडे बघत म्हणाली, "ब्लूबेरीचा जॅम चोरून खाल्लास ना? ओठ बघ."

मी म्हणाले, "नाही खाल्ला."

"मग ओठ निळे कसे?"

"थंडी आहे."

"सगळ्यांनाच आहे थंडी. माझे बघ, गुलाबाची पाकळी."

आई म्हणाली, "केझाया, पुरे." बाबांनी काटा खाली ठेवला होता. त्यांनी पुढे काही खाल्लं नाही. दुपारी त्यांनी स्वतःच गावातल्या दवाखान्याची वेळ घेतली. त्यांना आताशा दाढेचा त्रास फार होतो, त्यांचीच असेल असं मला वाटलं होतं. माझी निघाली.

२ फेब्रुवारी

डॉक्टर त्रुहियो तरुण आहेत, भराभर बोलतात. आई खोलीत बसली होती. त्यांनी बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला, बोट चोळून गरम केलं, पुन्हा लावला.

"इथल्या उंचीवर रक्तातला प्राणवायू सगळ्यांचाच थोडा कमी असतो," त्या म्हणाल्या. "पण तुमचा जरा जास्तच कमी आहे. लहानपणी दमा? फुप्फुसांचा काही आजार?"

आई माझ्याकडे बघून हसली.

मी म्हणाले, "नाही."

त्यांनी तोंडात फवारायचं औषध दिलं. महिन्यातून एकदा हृदयाचे डॉक्टर यंत्र घेऊन गावात येतात, तेव्हा तपासून घ्या म्हणाल्या. गाडीत आई म्हणाली, "बघितलंस? साधा फवारा. वीस तारखेनंतर बघू ते यंत्र वगैरे."

४ फेब्रुवारी

फवाऱ्याने छाती धडधडते. बाकी फरक नाही.

"नाही" हा शब्द डोक्यातून जात नाही. आमच्या घरी असंच म्हणतात की मी बरी झाले, आणि बरं झालेल्या माणसाला आजार नसतो. या हिशेबाने मी खोटं बोलले नाही. पण त्यांनी "आहे का" विचारलं नव्हतं. "लहानपणी" विचारलं होतं. लहानपणी मी दोन महिने श्वासाच्या यंत्रावर होते आणि घरी आले तेव्हा नाकात नळी होती. तो फोटो जिन्यात टांगलेला आहे. त्याच्याखालून मी रोज चादरी नेते.

५ फेब्रुवारी

दवाखान्यात फोन केला. ज्या बाईंनी उचलला त्यांना म्हणाले, मला एक चूक दुरुस्त करायची आहे. त्या म्हणाल्या, बिलात का? मी म्हणाले, नाही, उत्तरात.

डॉक्टर त्रुहियो स्वतः फोनवर आल्या. मी सगळं सांगितलं.

"हे तुम्हाला याआधी कुणी विचारलं नव्हतं?"

"तुम्ही विचारलंत. मी नाही म्हणाले. सॉरी."

"तिर्झा, सॉरी म्हणू नका. मीही सरळ विचारायला हवं होतं, वेळेआधी जन्मलात का म्हणून. मोठ्या माणसांना आम्ही ते विचारतच नाही." मग त्या म्हणाल्या, "दहा तारखेला या. एकट्या आलात तरी चालेल."

आईला सांगितलं की बटणं आणि दोरा आणायला गावात जाणार आहे. दोन्ही आणीनच, म्हणजे ते खोटं होणार नाही.

१० फेब्रुवारी

बटणं आणली. दोरा आणला.

हृदयाचे डॉक्टर म्हातारे, मऊ बोलणारे. अंधाऱ्या खोलीत छातीवर गार जेली लावून ते पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. पडद्यावर माझं हृदय मुठीसारखं उघडझाप करत होतं. मला ते बरंच मेहनती वाटलं.

त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाची फुप्फुसं पुरती घडायच्या आधीच कामाला लागतात. त्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या कमी राहतात, कडक राहतात. हवा पातळ असली की त्या आवळतात. मग हृदयाच्या उजव्या बाजूला त्या आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलावं लागतं, दिवसरात्र. माझी उजवी बाजू जाड झाली आहे, फुगली आहे. "लवकर जन्मलेल्या सगळ्यांचं असं होत नाही," ते म्हणाले. "पुष्कळ जण इथे मजेत राहतात. पण तुमचं झालंय. आणखी पक्क्या तपासण्या खाली मोठ्या दवाखान्यात होतील."

"मी आळशी नाही का मग?" असं मी विचारलं. त्यांना प्रश्न कळला नाही. डॉक्टर त्रुहियोंना कळला. त्या म्हणाल्या, "नाही, ग."

मग हृदयाच्या डॉक्टरांनी विचारलं, "इथे किती वर्षं आहात?"

"चार."

"आणि इतक्या उंचावर का आलात? स्कीइंग?"

"माझ्या फुप्फुसांसाठी," मी म्हणाले.

डॉक्टर त्रुहियोंनी हातातला कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

त्यांनी प्राणवायूचा छोटा सिलिंडर दिला, नाकाला लावायची नळी दिली. चढ चढायचा नाही. आणि खाली जायचं, राहायलाच. शक्य तर या आठवड्यात.

सिलिंडर गाडीच्या डिकीत आहे, घोंगडीखाली.

१२ फेब्रुवारी

आज सांगायचंच असं ठरवून गेले. आई वीस तारखेचे रोल करून गोठवून ठेवत होती. मी म्हणाले, "आई, मी इथे नसते तर..." आणि तिला वाटलं, मी तेव्हाचं बोलतेय.

ती म्हणाली, "मी तुला उचलूसुद्धा शकत नव्हते. काचेच्या पेटीला एक गोल भोक होतं, त्यातून एक बोट घालू द्यायचे. तू ते धरायचीस. तुझी अख्खी मूठ माझ्या नखाएवढी. मी तेव्हाच म्हटलं, तू जगलीस ना, तर या जगातली सगळ्यात चांगली हवा असेल तिथे तुला घेऊन जाईन. बाबांना यायचं नव्हतं, ठाऊक आहे? त्यांचं दुकान, त्यांची माणसं. पण मी म्हटलं, नाही." तिने हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले. "तू काय म्हणत होतीस?"

"काही नाही," मी म्हणाले.

दुरुस्ती: काहीतरी होतं.

१३ फेब्रुवारी

वादळ. घाट बंद केला आहे, कधी उघडेल सांगत नाहीत. म्हणजे सांगितलं असतं तरी जाता आलं नसतं. याने मला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग खिडकीबाहेर बघितलं तर काहीच दिसत नव्हतं. डोंगर नाही, रस्ता नाही, कुंपण नाही. मला एकदम ओरडावंसं वाटलं. ओरडण्याइतका श्वास नव्हता.

१५ फेब्रुवारी

दुपारी सगळे आपापल्या कामात असतात तेव्हा मी गॅरेजमध्ये जाते, गाडीत बसते, दार लावते आणि नळी नाकाला लावते. चोरून खाणाऱ्यांविषयी ऐकलं होतं. मी चोरून श्वास घेते.

बरं वाटतं, फार बरं वाटतं. बोटांची नखं गुलाबी होतात. मग नळी गुंडाळून ठेवते आणि भांडी घासायला जाते.

आज मागच्या सीटवर एक जाड रजई आणि पाण्याची बाटली होती. बाबा हल्ली फार विसरतात, गाडीत काहीही ठेवतात.

१८ फेब्रुवारी

घाट एका बाजूने उघडला. पाहुणे आले, टेक्ससचं एक जोडपं आणि चर्चचे जुने लोक. आईने माझ्याकडून भाषण म्हणवून घेतलं, दरवर्षी घेते तसं. शेवटचं वाक्य असं आहे: "आणि आज माझी फुप्फुसं तुमच्यापैकी कुणाच्याही फुप्फुसांइतकी सशक्त आहेत."

मी त्या वाक्याशी थांबले.

"विसरलीस?" आई म्हणाली. "चार वर्षं तेच वाक्य आहे, पोरी."

"विसरले नाही."

"मग म्हण."

मी म्हटलं. सरावात म्हटलेलं धरतात का, मला ठाऊक नाही. टेकडीची भीती वाटत नाहीये मला. ती फार तर मला पाडेल. पण वर उभं राहून, इतक्या लोकांसमोर, आईच्या डोळ्यांत बघत ते वाक्य म्हणायचं, आणि न म्हणायचं तर दुसरं काय म्हणायचं? दोन्हीकडून भिंत आहे.

२१ फेब्रुवारी

काल लिहिणं जमलं नाही.

आम्ही निघालो. निघायच्या आधी सांगायचं मी ठरवलं होतं. ओसरीवर, मग कुंपणापाशी, मग पहिल्या झाडापाशी. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी माझ्याशी हात मिळवत होतं. टेक्ससच्या बाई म्हणाल्या, "तूच ती चमत्काराची मुलगी!" आणि स्वतःच धापा टाकत हसल्या. "आम्हालाच लाजवतेस तू."

पहिल्या वळणाशी मी बसले. यावेळी लिहिते: बसावं लागलं.

लोक माझ्याभोवती थांबले. आई पुढून परत आली. "ऊठ, बाळा. मनाचं आहे. माझ्याबरोबर श्वास घे. एक..."

"आई, मनाचं नाही," मी म्हणाले. एका वेळी दोन-दोन शब्द येत होते. "हृदय. उजवी बाजू. मी तपासून... आले. बटणं आणायला गेले... तेव्हा."

"काय बोलतेस?"

"ही हवा आहे, आई. आपली... हवा. मला इथे... राहता येणार नाही."

कुणीतरी म्हणालं, प्रार्थना करू या. आईने त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प झाला. मग ती माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने माझा हातमोजा काढला. माझी नखं बघितली. आईने माझी नखं किती वर्षांनी बघितली असतील!

"कधीपासून?" तिने विचारलं.

मी म्हणाले असते, अलीकडेच. ते तिला सोपं गेलं असतं.

"आलो तेव्हापासून," मी म्हणाले.

तेवढ्यात बाबा खालून आले. त्यांच्या काखेत सिलिंडर होता. त्यांनी नळी माझ्या नाकाला लावली, सराईतपणे, कानांमागून घेऊन, आणि आईला म्हणाले, "लोर्ना, पाहुण्यांना खाली ने. चिली गरम आहे." मग माझ्याकडे बघून, "मला वाटलं तू सांगशील. रोज वाटायचं, आज सांगशील." त्यांचा आवाज फुटला. मी बाबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं.

केझायाने मला पाठीवरून खाली आणलं. एकही टोमणा मारला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

२२ फेब्रुवारी, प्वेब्लो

आईने मला खाली आणलं. बाबा येतो म्हणाले, पण तिने ऐकलं नाही. लॉज आहे, पाहुणे आहेत, केझाया आहे, त्यांचं काय होणार ते कुणी बोललं नाही. मोठ्या दवाखान्यात माझी परवाची वेळ आहे. किती भरून निघेल आणि किती नाही, हे त्यानंतर कळेल.

गाडीत ती पहिल्यांदा बोलली ती घाटमाथा ओलांडल्यावर. "कसं वाटतंय?"

"तसंच," मी म्हणाले. ते खरं होतं.

दोन-तीन वळणांनंतर: "आता?"

"थोडं बरं."

ती मान हलवून पुढे बघत राहिली. देवदार मागे पडले, ठेंगणी झुडपं आली, बर्फ रस्त्याच्या कडेला पातळ झाला. "आता?"

माझी डोकेदुखी उतरली होती. मी तिच्याकडे बघितलं. स्टिअरिंगवर तिची बोटं पांढरी झाली होती. मला "तसंच" म्हणता आलं असतं. जिभेवर होतं.

"आणखी बरं," मी म्हणाले.

असं तिने पुष्कळदा विचारलं आणि प्रत्येक वेळी मी खरं सांगितलं. प्रत्येक उत्तरानंतर ती थोडी थोडी लहान होत गेल्यासारखी दिसत होती. मी बरं केलं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही.

मग घाट संपला, सपाट रस्ता लागला, आणि तिने विचारणं सोडलं. विचारायची गरज नव्हती. गाडीत रेडिओ बंद होता, तिला माझा मोकळा झालेला श्वास ऐकू येत होता.

म्हणून मी खिडकीकडे तोंड वळवलं आणि आत्याचं घर येईपर्यंत, जमेल तितका आवाज न करता, श्वास घेत राहिले.